एक दिवस गोळी, एक दिवस दूध

नागपूर
१९ जानेवारी १९७९

चारू माय,

तर सगळ्यात पहिले दारात आली ते जिजाबाई. बोलावणं दिवेलागणीचं, अन् ही बाई उन्हातच हजर. चुलीपाशी जाऊन घुगऱ्यांवरचं झाकण उचलून पाहून राहिली. मी म्हटलं, काहून वं जिजे, बारसं पोट्ट्याचं आहे का तुह्या पोटाचं? हासली अन् वाटी भरून घेतली. मंग गल्लीतल्या बाया आल्या, अन् शेवटी उमरेडची मोटार आली. व्याही चंपतराव पुढं, मांगं विहीणबाई चंद्रकला, अन् सगळ्याच्या मांगं आपला जवाई कवडू. असा लाजून राहिला जसं पोट्टं त्यानंच जनलं.

नाव विलास ठेवलं. आत्यानं कानात कुर्र केलं ते इतक्या जोरात का पोट्टं दचकून रडाले लागलं. चंपतरावनं आपल्या मागावरचं लुगडं आणलं प्रेमिलेले, काठ असा भरलेला का गल्लीतल्या बाया उलटून उलटून पाहत होत्या. काटोलचे संत्रेही आणले, पन बाळंतिणीले आंबट कुठं देता, ते सारे जिजाबाईनंच सोलले.

तुह्या मायचा फोटो मी पाळण्याच्या बाजूले ठेवला होता. तिच्या धाकट्या लेकीचं बाळंतपण माह्या हातानं होऊन राहिलं, चारू. चौथीतून उठवलेली बाई मी, आता पणजी झाली. कोणी विचारलं नाही तरी सांगून राहिली सगळ्यांले.

विहीणबाई म्हणे, आमच्या घरी बाळंतीण सव्वा महिना झाला का कांड्या भराले बसते, चार माग आहेत, हात लागतेच. मी म्हटलं, आमची पोरगी कोष्ट्याचीच आहे बाई, कांड्या भरतच मोठी झाली. पाडव्याले येतो म्हणाले, मायलेकराले न्यायले. तवापर्यंत मी तिले मेथीचे, डिंकाचे लाडू चारून अशी करतो का त्यांनी ओळखली नाही पाहिजे.

तुह्या बाबाले वाडीच्या गोदामातून सुट्टी नाही भेटली, तो रातच्याले आला अन् उरलेल्या घुगऱ्या खाऊन झोपला. रुपरावचं ते नेहमीचंच.

बाकी प्रेमिला बरी आहे. डाव्या पायाची पिंढरी जराशी फुगली, खाली टेकवला का हाय हाय करते. बाळंतवायू असंन. मालीशवालीले सांगतलं, चांगला जोर लावून तेल जिरव.

तुही आजी
गोपिका


मिरज
२५ जानेवारी १९७९

आजी,

विलासची बातमी वाचून मी इथल्या सगळ्या नर्सना पेढे वाटले. जिजामावशींचं वाचून हसले. पण पत्रातल्या शेवटच्या ओळी मी पुन्हा पुन्हा वाचते आहे.

एकच पाय सुजलाय ना? आणि टेकवता येत नाही? मग तो बाळंतवायू नाही. मालीश आजच बंद कर. तेल नाही, शेक नाही, त्या पायाला कोणी हातही लावायचा नाही. तिला चालवू नकोस. रिक्षात बसव आणि दवाखान्यात ने. सव्वा महिना झाला नाही, बाळंतिणीला उंबऱ्याबाहेर कशी काढू, म्हणशील. काढ. बाबांना रजा मिळाली नाही तर तू ने.

तुला घाबरवायचं नाही. पण दुखणं पायात असलं तरी धोका पायाला नसतो, आजी. आमच्या वॉर्डात मी पाहिलं आहे. हे पत्र हातात पडेल त्याच दिवशी ने.

चारू


नागपूर
६ फेब्रुवारी १९७९

चारू,

मालीशवालीले मी तुह्यं पत्र आलं तवाच हाकललं. ते रुसली. म्हणे, तुमच्या सुनेचे, नातीचे, साऱ्यांचे पाय माह्याच हाताखालून गेले. मी म्हटलं, जाय बाई, माही मोठी नात नर्स आहे, तिनं लिहिलं.

दवाखान्यात डॉक्टरनं दोन्ही पिंढऱ्यांले फीत लावून पाहिली, जसा शिंपी माप घेते. म्हणाले, पायाच्या शिरेत रगताची गाठ बसली. वर सरकून छातीत गेली तर पोरगी हातची जाईन. रगत पातळ ठेवा लागते. मंग तिले तिथंच ठेवून घेतलं अन् पोटात सुया चालू केल्या. मी पोट्ट्याले घेऊन खाटेखाली झोपत होती. बाजूच्या खाटेवर बुटीबोरीची एक बाई होती, तिच्या नवऱ्यानं बकरी विकून आणली होती तिले, अन् ते दिवसभर बकरीसाठी रडत होती. नवऱ्यासाठी नाही.

पायाची सूज उतरली. सुट्टी द्यायच्या दिवशी डॉक्टरनं आम्हा दोघींले समोर बसवलं. म्हणाले, आता पाहा, औषध तर अजून तीन महिने घ्याच लागीन. एक तर हीच सुई, घरी कंपाउंडर येऊन सकाळ-संध्याकाळ देईन. सुई दुधात उतरत नाही, लेकराले अंगावर पाजता येते. नाही तर गोळी. रोज एक, अन् दर काही दिवसांनी रगत तपासाले यायचं. पन ही गोळी दुधात उतरते, तवा दूध तोडा लागीन.

प्रेमिला झटकन म्हणाली, मले सुई चालते. आजी, दूध नको तोडू वं.

मी तिच्या पोटाकडं पाहिलं. सारं निळं. जसं कोणी चिमटे घेतले. मी म्हटलं, येडी आहे का? कंपाउंडर सायकल घेऊन दोन टाइम दारात येईन, गल्ली विचारीन काय झालं, अन् गल्लीनं विचारलं का उमरेडले कळलंच समज. रोगी सून पदरात टाकली म्हणतीन. गोळीचं काय, पदराआड गिळली का झालं. डॉक्टरले मी सांगतलं, गोळीच द्या. ते म्हणाले, पोरीले विचारा. मी म्हटलं, तिची माय मीच आहे.

प्रेमिला रिक्षात पोट्ट्याले छातीशी धरून बसली होती, सारा रस्ता पाजत. शेवटचं म्हणून.

तर आता घरी आहो. तू काही काळजी करू नको. विलास तुह्या मायवर गेला, कपाळ तसंच रुंद.

आजी


मिरज
१२ फेब्रुवारी १९७९

आजी,

तू तिला वेळेवर नेलंस. मी इथे एकटीच रडले, पण बरं वाटून.

आता नीट वाच. मी आमच्या मोठ्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, तुम्हाला दिली ती जुनी गोळी खरंच दुधात उतरते. पण वॉरफरिन नावाची दुसरी गोळी आहे, ती दुधात उतरत नाही असं आता तपासून पाहिलंय. परवाच त्यांनी विलायतेच्या मासिकात वाचलं. मी नाव वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत घातलं आहे. तुमच्या डॉक्टरांना दाखव. नागपुरात मिळाली नाही तर मी इथून पाठवते. मग प्रेमिलाला पाजता येईल, सुईही नको. एवढी चिठ्ठी दाखव फक्त.

तोपर्यंत तीच गोळी चालू दे. रक्त तपासायला जायचं चुकवू नकोस. या गोळ्या कमी पडल्या तर पुन्हा गाठ होते, आणि जास्त झाल्या तर रक्त कुठूनही वाहू लागतं. डॉक्टरांना तपासणीशिवाय ते कळत नाही.

आणि आजी, एक विचारू? ती म्हणाली होती ना, सुई चालते? तिचं ऐकायला हवं होतं. सासरच्यांना काय कळतं ते नंतर पाहिलं असतं.

चारू


नागपूर
१९ फेब्रुवारी १९७९

चारू,

तुही आजी येडी नाही, हे आता तुह्या मोठ्या डॉक्टरले सांग.

झालं असं. पोट्टं बोंडल्याले तोंड लावेना. गाईचं दूध पातळ केलं, कोमट केलं, चमच्यानं घातलं, थू करून सारं माह्या लुगड्यावर. असं रडलं, असं रडलं का जिजाबाई भिंतीपलीकडून वरडली, गोपिके, लेकराले उपाशी मारतं का वं? अन् इकडं प्रेमिलेचे दोन्ही ऊर दगड. पोट्टं रडलं का तिची चोळी भिजून जाय, अन् ते भिंतीकडं तोंड करून बसे. मले पाहावलं नाही.

मंग मी मागापाशी बसली होती. तुह्या आज्याचा माग अजून तसाच आहे, कोणी बसत नाही, पन मी रोज पुसते. तिथं बसल्या बसल्या सुचलं. आपल्या मागावर एक तार वर राहते, एक खाली, तवाच कापड होते नं? दोन्ही संगंच वर उचलल्या तर काय विणशीन? तर मी तसंच केलं. एक दिवस गोळी, एक दिवस दूध. गोळीच्या दिवशी बोंडलं, बिनगोळीच्या दिवशी अंगावर. रगतही पातळ, पोट्टंही खुश.

अन् काय सांगू, पोट्टं बाळसं धरून राहिलं! आंघोळीच्या पाण्यात असं हातपाय मारते का पाटाच्या चारी बाजूनं चिखल. प्रेमिलाही हासाले लागली. परवा मले म्हणाली, आजी, तू चौथी नाही, डॉक्टरकी शिकली असती तर आमचं काही खरं नव्हतं. पायही उतरला आहे, दोन्ही सारखे.

तुही चिठ्ठी जपून ठेवली. डॉक्टरले दाखवणारच होती. पन त्यांच्यासमोर दुसऱ्या डॉक्टरचं नाव घेतलं तर त्यांले राग येईन, अन् मंग ते विचारतीन, आता कशी देता, तर काय सांगू? परवा रगत तपासाले जायचं आहे. तवा पाहतो.

उमरेडहून कवडूचं कार्ड आलं. पोट्टं कोणासारखं दिसते लिहा, म्हणे. लिहून दिलं, तुह्यासारखंच, लाजाळू.

आजी


तार, मिरज
२४ फेब्रुवारी १९७९

गोळी एक दिवसाआड नको. रोज द्या. एकही दिवस चुकवू नका. दूध बंद. पत्र येत आहे. चारू


मिरज
२४ फेब्रुवारी १९७९

आजी,

तार मिळाली असेल. रागावले नाही, पण घाईत लिहितेय म्हणून अक्षर वाईट.

कालची गोळी आजच्या दुधात असतेच, आजी. ती अंगातून रात्रीत निघून जात नाही. म्हणजे विलासला तू रोजच देते आहेस. आणि तिकडे प्रेमिलाचं रक्त हवं तेवढं पातळ होत नाही. पाय उतरला म्हणजे गाठ गेली असं नाही. म्हणून रोज द्या.

आणि डॉक्टरांना सांग. एक दिवसाआड देत होतो, असं सरळ सांग. त्यांना ते माहीत नसेल तर त्यांचा हिशेबच चुकेल. ते रागावतील, रागावू दे. तुला लाज वाटत असेल तर बाबांना पाठव. आणि माझी चिठ्ठी दाखव. ती दुसरी गोळी सुरू झाली की तिला पुन्हा पाजता येईल. थोडेच दिवस आहेत.

मला रजा मिळतेय का पाहते.

चारू


नागपूर
३ मार्च १९७९

चारू,

तार पाठवत जाऊ नको वं माय. तारवाला गल्लीत शिरला अन् सारी गल्ली माह्या मांगं. जिजाबाईनं तर मी फोडायच्या आधीच डोळ्याले पदर लावला. इंग्रजी अक्षरं मले कुठं येतात, तारवाल्यानंच वाचून दाखवली. गोळी रोज द्या म्हटल्यावर साऱ्या बाया माह्याकडं पाहून राहिल्या, कोणाले गोळी वं? मी म्हटलं, ताकदीची आहे. तरी कळलंच असंन साऱ्यांले.

तू म्हटलं तसंच केलं. आता रोज देते, एक दिवस चुकवत नाही. पोट्टंही शहाणं निघालं, बोंडलं धरलं बापा त्यानं. प्रेमिला पाजताना बोटानं त्याची हनुवटी हलवते, अन् ते पिता पिता हासते. दूध आता आटून राहिलं तिचं. तुह्यं पत्र वाचून दाखवलं, दुसऱ्या गोळीचं, तवापासून दिवसातून चारदा विचारते, आजी, गेली का डॉक्टरकडं?

जाईन. मागच्या तपासणीले गेली होती तवा डॉक्टरच कावून राहिले होते. म्हणाले, रगत काही पातळ होऊन नाही राहिलं, गोळी देता का नाही? मी म्हटलं, देतो नं. एक दिवसाआड म्हणाले जीभ उचलली नाही. मंग त्यांनी एकाच्या दोन केल्या. आता रोज दोन देते, सकाळच्या चहासंगं. तुह्या सांगण्यानं एकही दिवस सुटला नाही. पुढच्या तपासणीले चांगलं निघंन, मंग त्यांचा मूड पाहून चिठ्ठी दाखवतो. चांगल्या दिवशी सांगतलेलं माणूस ऐकून घेते.

बाकी काही नाही. दात घासताना प्रेमिलेच्या हिरड्यांतून थोडं रगत येते, मी कोळशाची बुकणी बंद करून मऊ मिश्री दिली. दंडावर निळे डाग पडले, बांगड्या घट्ट झाल्या असतीन, अंग भरलं नं तिचं.

उमरेडवाल्यांसाठी शेवया करून ठेवल्या. पाडवा आता दूर नाही.

आजी


तार, मिरज
८ मार्च १९७९

गोळ्या बंद. एकही देऊ नका. आत्ताच दवाखान्यात न्या. डॉक्टरना सर्व खरे सांगा. मी निघाले. चारू


नागपूर
२३ मार्च १९७९

चारू,

काल उमरेडवाले आले. पहिले चंद्रकला आत आली, चपला काढल्या अन् सरळ पाळण्यापाशी गेली. पाळणा पाहून झाल्यावर मंग खाटेकडं पाहिलं.

तू जाताना माह्याशी बोलली नाही. गाडीची वेळ झाली म्हणाली. रुपराव म्हणे, ते थकली आहे, दे सोडून. मी सोडून दिलं. पन डॉक्टरसमोर तू सारं सांगून राहिली होती, एक दिवसाआडचं, दोन गोळ्यांचं, तुह्या तारेचं, तवा मी तिथंच भिंतीपाशी उभी होती. डॉक्टरनं तपासणीचे सारे कागद पुन्हा चाळले. मंग म्हणाले, आजी, रोजची एक पुरली असती. तुम्ही अर्धीच दिली म्हणून मी दोन केल्या, अन् मंग तुम्ही दोन्ही रोज दिल्या. बस, इतकंच. कावले नाहीत. मी वाट पाहून राहिली होती का कावतीन.

तू त्या सकाळचं मले कधी विचारलं नाही. तुही दुसरी तार यायच्या आधीची सकाळ. तवा लिहून देते, कारण ते मी एकटीनंच पाहिलं.

मी तिची वेणी घालून राहिली होती. म्हणाली, आजी, डोकं जड लागते. मले वाटलं वेणी घट्ट झाली, सैल केली. मंग पोट्टं मांडीवर घेऊन बोंडलं धरलं तिनं. ते हातातून सुटलं, दूध साऱ्या मांडीवर. मी म्हटलं, का वं, लक्ष कुठं आहे तुह्यं? तिनं माह्याकडं पाहिलं. तोंडाची एक बाजू अशी झाली होती जशी हासून राहिली. मले वाटलं गंमत करते. मी हासली, चारू. तिच्यासंगं मी हासली, अन् म्हटलं, नाटकी आहे मोठी. मंग ते पोट्ट्यासकट कलंडाले लागली तवा मी धावली.

डोक्यात रगत सांडलं म्हणतात. तुले माहीतच आहे. दवाखान्यातून घरी आणली तरी उजवा हात, उजवा पाय तसाच. बोलणं आलं नाही. रोज सकाळी ओठ हलवते, मले वाटते विलासचं नाव घेते, पन 'वि'च्या पुढं जात नाही. पायातली गाठ आहे का गेली, कोणी सांगत नाही. आता सुईही देता येत नाही अन् गोळीही नाही, असं डॉक्टर म्हणाले. दोन्ही रस्ते बंद. तुही चिठ्ठी देव्हाऱ्यातून काढून दाखवली त्यांले. वाचून म्हणाले, ही आधी आणली असती तर बरं झालं असतं. घडी करून परत दिली.

उमरेडवाल्यांले मी चहा दिला, शेवया दिल्या. चंपतराव शेवया चांगल्या झाल्या म्हणाले. कवडू तिच्या खाटेपाशी बसला होता, उजव्या हाताच्या बाजूनं. मी म्हटलं, बापा, इकडून बस, हा हात तिले कळते. तो उठून डावीकडं गेला. तिनं त्याचं बोट धरलं. तो खाली पाहत राहिला.

चंद्रकला म्हणाली, लेकराचे हाल होऊन राहिले बाई. आमच्या मोठ्या सुनेच्या अंगावर पोर आहे, दूध मायंदाळ आहे तिले. याले नेतो, दोघांले पाजंन ते. मी म्हटलं, अन् प्रेमिला? चंपतराव म्हणाले, ते पाहू मंग. चार माग आहेत नं, विहीणबाई, घरात आजाऱ्याचं कोण करंन? जिजाबाई दारात उभी होती, तिनं तोंड उघडलं अन् मीच तिले हातानं थांबवलं. आता कोणाशी भांडू?

ते गेले तवा मी पोट्ट्याले उचलून प्रेमिलेच्या डाव्या कुशीत ठेवलं. त्याले वास आला का काय, तोंड इकडं तिकडं फिरवून छाती हुडकाले लागलं. दूध तर कवाच आटलं. तरी तिनं डाव्या हातानं चोळीची गाठ सोडाचा प्रयत्न केला. नाही सुटली. मी सोडून दिली. घेऊ देत त्याले, कोरडंच.

दिवसभर मी टोपरं शिवून राहिली. त्याचे झबले, दुपटी, बोंडलं, तेलाची बाटली, सारं एका पिशवीत भरलं. काजळाची डबी घरीच ठेवली, तिले हुंगाले. चंपतरावनं आणलेलं ते लुगडं तसंच पेटीत आहे, घडी नाही मोडली. ते न्यायले येतीन त्या दिवशी नेसवून ठेवीन तिले. त्यांनी पाहिलं तर एखादवेळ मन बदलंन.

माह्यावर राग धर, पन पत्र टाकत जा. प्रेमिलेले वाचून दाखवते, ते ऐकते.

पाडव्याले सकाळच्या मोटारीनं येतो म्हणाले. पोट्ट्याले न्यायले.

आजी